चार करडे ठिपके

धंतोलीतल्या सेंटरमध्ये दिवसभर मी
लोकांच्या छातीतले करडे डाग वाचते,
कुठला आजार, कुठली नुसती सावली.
रात्री घरी येऊन तोच खेळ पुन्हा विकत घेतला,
सातशे एकोणपन्नास रुपये, पावतीसकट.
पहिल्यांदा मुंजे चौकातल्या फुटपाथवर
तीस रुपयांत मिळाली होती त्याची सीडी,
वर निळ्या स्केचपेनने लिहिलेलं: बर्फ ग्रह, फुल.
आता त्या चौकाच्या डोक्यावर
दोन मेट्रो एकमेकींना छेदून जातात.

मे महिना होता. सेहेचाळीस.
कूलर आणि कॉम्प्युटर एका बोर्डावर चालत नसत,
फ्यूज उडायचा, बाबा ओरडायचे.
म्हणून आम्ही कूलर बंद करायचो
आणि ओल्या पंचाने मान पुसत
उणे नव्वद तापमानात हिंडायचो,
मी आणि श्रीरंग,
एकाच खुर्चीवर, अर्धं अर्धं बूड टेकवून.
माउस त्याच्याकडे, वही माझ्याकडे.
वहीत: तिसऱ्या दाराचा कोड सात-दोन-दोन-नऊ.
यंत्रमानवाला तेल द्यायचं नाही, तो खोटं बोलतो.
एअरलॉक म्हणजे हवेचं कुलूप, असं मी लिहिलं होतं
आणि मला ते अजूनही बरोबरच वाटतं.

स्टेशनच्या पार टोकाला एक खिडकी होती.
तिथवर जाता येत नसे.
काचेआड चार करडे ठिपके, एकावर एक,
वरचा किंचित तिरका.
"माणूस हाय बे तो," श्रीरंग म्हणायचा,
"आपल्याकडेच पाहून राहिला."
मी म्हणायचे, डाग आहे,
आणि रात्री गच्चीवर झोपताना
पाण्याच्या टाकीकडे पाठ करायचे.

आता सगळं नव्याने रंगवलंय.
बर्फ आधी चुन्यासारखा होता, आता त्याला खोली आहे.
वारा डाव्या कानातून शिरून उजव्यातून निघतो.
यंत्रमानवाच्या अंगावर गंज,
गंजावर कुणाच्या तरी नखांचे ओरखडे.
मी कुठे थांबले नाही. सरळ खिडकीपाशी गेले.

कोट.
खुंटीला अडकवलेला कोट, तीन बटणं,
त्यातलं एक तुटकं.
इतक्या निगुतीने कुणीतरी ते तुटकं बटण काढलं होतं
की त्या माणसावर रागावताही येईना.

टॅब दाबलं की जुनं चित्र दिसतं, अशी सोय दिलीय.
दाबलं: चार ठिपके.
दाबलं: कोट.
दाबलं.
ठिपक्यांतही आता कोटच दिसतो.
मला हे माहीत असायला हवं होतं,
एकदा रिपोर्ट लिहून झाला
की फिल्म पुन्हा कोरी होत नाही.

साडेअकराला श्रीरंगला फोन लावला, हिंजवडीला.
म्हटलं, तुझा माणूस कोट निघाला.
तिकडे कुणीतरी भांडी विसळत होतं.
"माझा कुठला? माणूस तू म्हणायचीस.
मी म्हणत होतो डाग आहे.
गच्चीवर रडली होतीस तू, आठव."
मी आठवलं. मला वेगळंच आठवलं.
त्याला त्याचंच आठवत होतं, तितकंच स्पष्ट,
तितक्याच बटणांसकट.
वही घर बदलताना रद्दीत गेली,
आणि या बाबतीत टॅब कुठलं दाबायचं
ते काही पावतीवर छापलेलं नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला,
"सात-दोन-दोन-नऊ ना, तिसरं दार?"
हो.
"चालूच आहे का समोर?"
हो.
"काय घरघर येऊन राहिली ती? कूलर?"
हो.
"बंद कर ना मग."

उठून बंद केला.
वाळ्यातून पाणी ठिबकायचं थांबलं.
मानेवर घाम यायला तीन मिनिटं लागली.
"हं," श्रीरंग म्हणाला,
"आता उजवीकडे जा. हळू."